पेनुटियन भाषांची प्रतवारी कशी लावायची

मराठीतला 'दोन' आणि 'बारा'मधला 'बा' ही एकाच घरातली भावंडं आहेत. 'बारा', 'बावीस', 'बावन्न' यांतला 'बा' संस्कृत 'द्वा'चा, आणि गुजराती 'बे'सुद्धा त्याच मुळाचा. 'दोन'चं घराणंही तेच. त्यातला 'न' मात्र प्राकृतात शेजारच्या 'तिण्णि'कडून, म्हणजे आपल्या 'तीन'च्या पूर्वजाकडून आला. 'तिण्णि' होतं म्हणून 'दोण्णि' झालं. म्हणजे नात्यातले शब्द एकमेकांसारखे दिसत नाहीत, आणि जो 'न' सारखा दिसतो तो शेजाऱ्याच्या वळणाने आलेला असतो. भाषांची नाती शोधणाऱ्याने हे एवढं उदाहरण कायम खिशात ठेवावं.

पेनुटियन भाषांची सगळी गोष्ट 'दोन' या शब्दापासूनच सुरू होते, म्हणून आरंभी हे सांगितलं. रोलंड डिक्सन आणि आल्फ्रेड क्रोबर या दोन अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञांनी १९१३ साली कॅलिफोर्नियातली पाच लहान भाषाकुळं एका मोठ्या कुळात बसवली: विंटू, मैदू, योकुट्स, मीवोक आणि कोस्टानोअन. पहिल्या तीन कुळांत 'दोन'ला 'पेन'च्या जवळचे शब्द होते, तर उरलेल्या दोन कुळांत 'उती'च्या जवळचे. 'पेन' आणि 'उती' जोडून त्यांनी 'पेनुटियन' हे नाव घडवलं. गंमत अशी की, कुळाचं नाव ज्या शब्दांवर बेतलं तेच शब्द कुळाला दोन गटांत विभागतात.

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला आणि हौशी वाचकालाही हे कोडं नीट हाताळता यावं म्हणून हा लेख आहे. 'पेनुटियन कुळ खरं की खोटं?' हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना विचारू देत नाही. नातं कोणत्या दोन गटांमधलं आणि त्याला पुरावा किती, एवढंच विचारायचं. धान्याची प्रतवारी लावतात तशी दाव्यांची प्रत लावायची.

आधी यादी, आणि ती नकाशावर

वहीच्या पहिल्या पानावर लहान, निर्विवाद गट लिहा. मोठ्या कुळाचं नाव अजून कुठेही लिहू नका.

कॅलिफोर्नियात उत्तरेच्या सॅक्रामेंटो खोऱ्यात विंटू गट (विंटू, नोमलाकी, पटविन), पूर्वेला सिएरा नेवाडाच्या उत्तर भागात मैदू गट, दक्षिणेला सान वाकीन खोऱ्यात योकुट्स. मीवोक भाषा सिएराच्या उतारापासून थेट सान फ्रान्सिस्कोच्या उत्तरेच्या किनाऱ्यापर्यंत विखुरलेल्या. कोस्टानोअन सान फ्रान्सिस्को ते मॉन्टेरे या पट्ट्यातल्या. तिथले लोक आज स्वतःला ओलोनी म्हणवतात, तेव्हा आपणही लोकांसाठी तेच नाव वापरावं.

ऑरेगनमध्ये रोग नदीकाठची टाकेल्मा, विलॅमेट खोऱ्यातला कालापुया गट, किनाऱ्यावर कूस, सायूस्लॉ आणि आल्सी. कोलंबिया नदीच्या काठाने चिनूक. पठारावर क्लॅमथ-मोडॉक, मोलाला, आणि सहाप्तियन गट, ज्यात सहाप्तिन आणि नेझ पर्स या दोन भाषा येतात. फार उत्तरेला, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात नास आणि स्कीना नद्यांच्या परिसरात त्सिम्शियन.

मीवोक आणि कोस्टानोअन यांना एकत्र धरलं (का ते पुढे येईल) तर हे १४ घटक होतात. कायूस ही भाषा वेगळ्या ओळीत लिहा, तिची कहाणीही पुढे येते.

१४ घटकांच्या दोन-दोनच्या जोड्या ९१ होतात. एखादा शब्द यातल्या कुठल्याही दोन ठिकाणी सारखा सापडला की 'सापडलं' म्हणायचं ठरवलं, तर निव्वळ योगायोगानेच पानंच्या पानं भरतील. अर्थही सैल सोडला आणि 'पाणी'शी 'नदी', 'पिणं', 'ओलं', 'पाऊस' असं काहीही जुळवलं, तर विचारायलाच नको. म्हणून ९१ हा आकडा समासात लिहून ठेवा.

कोणी, केव्हा, काय म्हटलं

तारखा क्रमाने लावल्या की दावे कसे फुगत आणि आटत गेले ते दिसतं. जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८९१ साली मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या भाषांची ५८ कुळं मोजली. ती मोजणी सावध होती. डिक्सन आणि क्रोबर यांनी १९०३ साली कॅलिफोर्नियाच्या भाषा रचनेवरून गटांत लावल्या, तेव्हा रक्ताच्या नात्याचा दावा नव्हता. दहा वर्षांनी मात्र त्यांनी नात्याचा दावा केला, आणि १९१९ साली त्यावर विस्तृत ग्रंथ काढला.

मग आले अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर. त्यांनी १९२१ साली ऑरेगनच्या भाषा, चिनूक आणि त्सिम्शियन पेनुटियनमध्ये घातल्या. १९२९ सालच्या ब्रिटानिका विश्वकोशातल्या लेखात पठारावरच्या भाषा आणि मेक्सिकोतल्या मिहे-सोके आणि वावे यांनाही जागा दिली. त्या लेखात पॉवेलची ५८ कुळं अवघ्या ६ महाकुळांत बसली होती.

सपीर यांचा कान विलक्षण होता यात वाद नाही. पण १९२९ची मांडणी वाचताना तिच्यातली बरीच नाती ही सूचना होती, सिद्धता नव्हती, हे विसरू नका. पुढच्या दोन पिढ्यांनी ती पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यासारखी वापरली आणि तिथेच घोळ झाला.

पुढे झुन्यी या नैऋत्य अमेरिकेतल्या एकाकी भाषेलाही १९६४ साली पेनुटियनशी ताडून पाहिलं गेलं. १९८७ साली जोसेफ ग्रीनबर्ग यांनी तर एस्किमो-अल्यूत आणि ना-देने सोडून दोन्ही अमेरिका खंडांतल्या सगळ्या भाषा एकाच 'अमेरिंड' कुळात ओतल्या. अमेरिकी भाषांवर काम करणाऱ्या बहुसंख्य अभ्यासकांनी ते नाकारलं. झुन्यी, मिहे-सोके आणि वावे यांच्यावर आपणही वेळ घालवायचा नाही. आज त्यांना पेनुटियन मानण्याइतका पुरावा नाही.

खालच्या पायरीपासून चढा

सर्वांत सोपी जोडी आधी घ्या म्हणजे हात बसतो. नेझ पर्समध्ये एक, दोन, तीन म्हणजे नाक्त्स, लेपित, मिताट. सहाप्तिनमध्ये नाख्श, नीप्त, म्ताट. तिन्ही आकडे जुळतात, आणि मुख्य म्हणजे फरकही नेमाने येतात. 'लेपित'मधल्या 'ल'समोर 'नीप्त'मध्ये 'न' आहे, तर तसाच 'ल'समोर 'न' दुसऱ्या शब्दांत सापडतो का ते तपासायचं. सगोत्र, म्हणजे एकाच पूर्वजापासून आलेले, शब्द ओळखायचे ते अशा नेमाने येणाऱ्या फरकावरून. हुबेहूब सारखेपणा उलट संशयास्पद असतो, कारण उसना शब्द हुबेहूबच येतो.

आता याशेजारी क्लॅमथ ठेवा: नास, लाप, न्दान. एक आणि दोन ओळखीचे वाटतात, तीन मात्र वेगळाच. इथे पेन्सिल खाली ठेवून विचार करा. आकडे उसने घेतले जातात, शेजारी व्यापार करणारे लोक तर हमखास घेतात. त्यामुळे एवढ्यावर नातं सिद्ध होत नाही, पण पुढे खणावं असं मात्र नक्की वाटतं. हारुओ आओकी यांनी १९६३ साली सहाप्तियन आणि क्लॅमथ यांच्यातले ध्वनींचे संबंध मांडले, नोएल रूड यांनी १९८७ साली व्याकरणातले. आकडे, ध्वनी आणि व्याकरण असे तीन धागे एकाच दिशेने ओढू लागले, म्हणून या जोडीला मी वरची प्रत देतो.

मीवोक आणि कोस्टानोअन यांचं नातं तर त्याहून पक्कं आहे. कॅथरीन कॅलाहन यांनी दशकानुदशकं एकेका मीवोक भाषेचा शब्दकोश तयार केला, आधी मूळ-मीवोक, म्हणजे सगळ्या मीवोक भाषांची अनुमानाने बांधलेली पूर्वज भाषा, उभी केली आणि मग तिच्यावरून 'युटियन' नावाचं एकत्र कुळ. खालच्या पायरीची पुनर्रचना झाल्याशिवाय वरच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही, याचा हा वस्तुपाठ आहे. योकुट्स आणि युटियन यांची त्यांनीच १९९७ साली मांडलेली 'योक-युटियन' जोडणी आशादायक आहे. तिला मी 'बळकट, पण काम चालू' या खान्यात ठेवतो.

शब्दांना चाळणी लावा

प्रत्येक जुळणीला चार प्रश्न विचारा.

शब्द फार आखूड आहे का? एका व्यंजनाचे शब्द जगात कुठेही जुळतात. आवाजाची नक्कल किंवा लहान मुलांची बोली आहे का? 'आई', 'मामा', 'काका' या जातीचे शब्द, तसेच कावळा आणि घुबड यांची नावं वेगळी काढा. योगायोग असू शकतो का? 'बदनाम'मधला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा अर्थ एक, आवाज जवळजवळ एक, आणि नातं काहीही नाही. ज्या दोन भाषा मुळात एकाच कुळातल्या आहेत तिथेही असं घडतं.

चौथा प्रश्न उसनवारीचा. आपल्याकडे 'अडकित्ता', 'अक्का', 'अण्णा' कन्नडच्या बाजूने आले. एवढ्यावरून मराठीला कोणी द्राविडी म्हणत नाही, कारण बाकीचा पुरावा समोर असतो. ज्या भाषेची पाच-सहाशे शब्दांची एकच यादी हाती आहे, तिथे 'अडकित्ता' कुठला आणि घरचा शब्द कुठला हे ओळखणं महाकठीण.

उसनवारीचं फार सुंदर उदाहरण खुद्द कॅलिफोर्नियात आहे. केनेथ व्हिस्लर यांनी १९७७ साली विंटू गटातल्या झाडापाल्यांची आणि प्राण्यांची नावं तपासली. दक्षिणेकडच्या पटविन भाषेत खोऱ्यातल्या कितीतरी वनस्पतींची नावं मीवोककडून घेतलेली निघाली. म्हणजे पटविन बोलणारे त्या खोऱ्यात नवे होते. समोर अनोळखी झाड दिसलं, तिथे आधीपासून राहणाऱ्यांना नाव विचारलं आणि तेच ठेवलं. व्हिस्लर यांच्या मते विंटू गटाचं मूळ घर उत्तरेला, ऑरेगनच्या बाजूला असावं. याचा परिणाम मोठा झाला: 'कॅलिफोर्निया पेनुटियन' ही एक शाखा असून ती कॅलिफोर्नियातच फुटली, हा १९१३पासूनचा समज ढासळला. विंटू, मैदू आणि योक-युटियन वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या वाटांनी तिथे आले असावेत, असं आता बरेच अभ्यासक मानतात. हार्वी पिटकिन आणि विल्यम शिप्ली यांनी १९५८ साली या भाषांचे जे तुलनात्मक शब्द एकत्र केले, ते वाचताना ही गोष्ट डोळ्यांसमोर हवी. शिप्लींनी स्वतः १९८० साली या सगळ्या इमारतीचा उल्लेख भग्नावशेष म्हणून केला होता.

सर्वनामं: मोह आणि सावधगिरी

आता वहीत एक छोटा तक्ता करा, 'मी' आणि 'तू' यांचा. योकुट्समध्ये ना आणि मा. विंटूमध्ये नि आणि मि. मैदूतही नि आणि मि यांवर बेतलेली रूपं. क्लॅमथमध्ये 'मी'ला नि, आणि 'तू'ला जरी इ असलं तरी 'तुझा'ला मि. इथपर्यंत अंगावर रोमांच येतो. आपल्या मराठीत 'मी' म्हणजे मी, आणि विंटूत 'मि' म्हणजे तू.

पण तक्ता पुरता भरा. कोस्टानोअन गटातल्या मुत्सुनमध्ये 'मी'ला कन आणि 'तू'ला मेन. म्हणजे 'म' आहे, पण 'न'ची जागा चुकली. टाकेल्मात गी आणि मा. तिथेही अर्धंच जुळतं.

मग हद्दीबाहेर पाहा. नवात्ल ही मेक्सिकोतली भाषा पेनुटियन नाही, तिथे 'माझा'ला नो- आणि 'तुझा'ला मो- लागतं. जोहाना निकल्स यांनी दाखवलं आहे की 'न' आणि 'म' यांची ही जोडी अमेरिकेच्या पश्चिम बाजूने अनेक वेगळ्या कुळांत पसरलेली आहे. आपल्याकडेही तसंच: मराठी मी-तू, लॅटिन मे-ते आणि फिनिश मिना-सिना (हा 'सि' जुन्या 'ति'चा) शेजारी ठेवा. मराठी आणि लॅटिन एकाच कुळातल्या, फिनिश वेगळ्या कुळातली. सर्वनामांच्या पहिल्या अक्षरावरून कुळ ठरवलं असतं तर मराठी आणि फिनिश कधीच एकत्र नांदल्या असत्या.

म्हणून सर्वनामांचा तक्ता सुटा मोजू नका. विभक्तीची रूपं, एकवचन-अनेकवचनाचे बदल अशी सबंध चौकट जुळते का ते पाहा. स्कॉट डिलान्सी यांनी क्लॅमथ आणि विंटू यांची सर्वनामं अशी चौकटीसकट ताडली, म्हणून त्यांच्या कामाला वजन आहे.

व्याकरणातली खूण: 'जातो' पण 'गेला'

सर्वांत मोलाचा पुरावा हा. मराठीत 'जातो' पण 'गेला', हिंदीत 'जाता' पण 'गया', गुजरातीत 'जाय' पण 'गयो', बंगालीत 'जाय' पण 'गेलो'. एकाच क्रियापदाची दोन वेगळी मुळं, आणि ती चारही भाषांत त्याच जागी. ही आडमुठी विसंगती कोणी शेजाऱ्याकडून सहसा उचलत नाही, ती वारशानेच मिळते. पेनुटियनमध्ये काम करताना अशा विसंगती शोधा. एक सापडली तर ती पन्नास सुट्या शब्दांच्या तोडीची.

याउलट व्याकरणाचा साचा सारखा असणं हा पुरावा नव्हे. क्लॅमथ आणि सहाप्तियन यांत क्रियापदाचं मूळ दोन तुकड्यांचं असतं. एक तुकडा वस्तूचा आकार किंवा साधन सांगतो, दुसरा दिशा किंवा जागा. किती खास वाटतं! पण हीच ठेवण त्याच प्रदेशातल्या, पेनुटियन न मानलेल्या वाशोसारख्या भाषांतही आहे. डिलान्सी यांनीच तो पट्टा नकाशावर दाखवून दिला. साचा शेजारामुळे पसरू शकतो. आपलं 'आपण' आणि 'आम्ही' हे वेगळेपण पाहा ना: ऐकणाऱ्याला धरून आणि सोडून अशी दोन 'आम्ही' ठेवण्यामागे द्राविडी शेजार आहे असं मानतात.

या विचाराला एक खरा दुवा आपल्या मातीशी जोडलेला आहे. 'भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे', हे १९५६ साली मांडणारे मरे एमनो यांनी आपल्या विदर्भातल्या कोलामी भाषेचं व्याकरण १९५५ साली प्रसिद्ध केलं होतं. तेच एमनो बर्कलीत शिकवत, आणि कॅलिफोर्नियाच्या मूळ भाषांचं सर्वेक्षण बर्कलीत मेरी हास यांच्याबरोबर उभं करण्यातही त्यांचा वाटा होता. दोघंही सपीर यांच्या हाताखाली शिकलेले. शेजार आणि रक्त यांत फरक करायची ती शिस्त कोलामीलाही लागली आणि मीवोकलाही.

टाकेल्मा-कालापुया: पक्कं वाटलेलं नातं

शिकणाऱ्याने ही एक केस मुळापासून वाचावीच. सपीर २२ वर्षांचे असताना, १९०६च्या उन्हाळ्यात, ऑरेगनमधल्या सिलेट्झ वसाहतीत फ्रान्सिस जॉन्सन या टाकेल्मा बाईंसोबत बसले. त्या कामातून टाकेल्माचं व्याकरण उभं राहिलं. आज टाकेल्माबद्दल जे काही नीट माहीत आहे, त्यातलं बहुतेक त्या एका बाईंच्या तोंडून आलेलं आहे.

लिओ फ्राख्टेनबर्ग यांनी १९१८ साली टाकेल्मा, कालापुया आणि चिनूक यांचे शब्द ताडले. १९६५ साली मॉरिस स्वादेश यांनी टाकेल्मा-कालापुया जोडीवर लिहिलं, १९६९ साली शिप्लींनी 'मूळ-टाकेल्मन'ची पुनर्रचनाच केली. पेनुटियनबद्दल साशंक असणारेही ही एक जोडी मान्य करू लागले. मग १९९८ साली मरी-लुसी तारपाँ आणि डेथल केंडल यांनी एकेक शब्द पुन्हा तपासला. बऱ्याच जुळण्या चुकीच्या फोडींवर उभ्या होत्या. प्रत्यय कुठे संपतो आणि धातू कुठे सुरू होतो हेच चुकलं होतं. दोन्ही पेनुटियन असूही शकतील, पण त्यांची एकमेकींशी खास जवळीक दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

कायूस आणि मोलाला यांचंही असंच. होरेशियो हेल यांनी १८४६ साली त्यांना एका कुळात ठेवलं, पॉवेल यांनी ते तसंच उचललं. ब्रूस रिग्झबी यांनी १९६६ साली मूळ याद्या उघडल्या आणि आत फारसं काही नव्हतंच. कायूस आता एकटीच ठेवतात. मोलालाला मात्र हॉवर्ड बर्मन यांनी १९९६ साली क्लॅमथ आणि सहाप्तियन यांच्याजवळ जागा मिळवून दिली.

तेव्हा कोणताही तक्ता वापरण्याआधी त्याच्याखालच्या शब्दांपर्यंत उतरा. प्रत्येक शब्दाची फोड स्वतः करून पाहा.

माझ्या वहीतली आजची प्रत

सिद्ध: सहाप्तियन, युटियन, आणि प्रत्येक लहान गट आपापल्या परीने. बळकट: क्लॅमथ, मोलाला आणि सहाप्तियन मिळून 'पठारी पेनुटियन', तसंच योक-युटियन. तपासण्याजोगं: विंटूचे क्लॅमथशी आणि आल्सीशी धागे (आल्सीचा धागा व्हिक्टर गोला यांनी १९९७ साली पुढे आणला), मैदू, टाकेल्मा, कालापुया, कूस आणि सायूस्लॉ. तारपाँ यांनी त्सिम्शियनसाठी बारकाईने पुरावा मांडला आहे, म्हणून अंतर मोठं असूनही मी तिलाही याच खान्यात ठेवतो. चिनूक सर्वांत अवघड. बाद: झुन्यी आणि मेक्सिकोच्या भाषा.

यावर अभ्यासकांत एकमत नाही. १९९७ साली डिलान्सी आणि गोला यांनी पेनुटियन ही काम करण्याजोगी कल्पना आहे असं मांडलं, त्याच वर्षी लायल कॅम्बेल यांनी आपल्या ग्रंथात ती सिद्ध नसल्याचं लिहिलं. ग्लॉटोलॉग ही जगातल्या भाषांची ऑनलाइन सूची उघडाल तर हे सगळे गट सुटे दिसतील. दोन्ही बाजूंचं वाचा. माझा कल पहिल्या बाजूकडे आहे, पण प्रत लावताना मी कॅम्बेल यांची चाळणी वापरतो.

सुरुवात करायची असेल तर नेझ पर्स आणि सहाप्तिनच्या शंभर मूलभूत शब्दांपासून करा, मग क्लॅमथ जोडा. त्यासाठी बार्कर यांचा १९६३चा क्लॅमथ शब्दकोश आणि आओकी यांचा १९९४चा नेझ पर्स शब्दकोश आहेत. मुत्सुन हवी असेल तर सान व्हान बाउतिस्ता मिशनमधले पाद्री आरोयो दे ला क्वेस्ता यांच्या नोंदी आणि त्यानंतर शंभर वर्षांनी जॉन हॅरिंग्टन यांनी आसेन्सियोन सोलोर्सानो या बाईंकडून शेवटच्या दिवसांत लिहून घेतलेली पानं आहेत. त्या १९३० साली गेल्या. त्याच जुन्या कागदांवरून आज मुत्सुन कुटुंबं आपली भाषा पुन्हा शिकत आहेत. बर्कलीत १९९०च्या दशकापासून भरणाऱ्या कार्यशाळांत नातवंडं-पतवंडं पणजीच्या नोंदी वाचायला येतात. ज्या रकान्यात आपण 'मेन' असं लिहितो, तिथे त्यांच्यापैकी कोणीतरी आपल्या मुलाला 'तू' म्हणत असतं.